सुपरव्हिजनला उभं राहिलेल्यांचे अनुभव हवेत (आणि एका चिठ्ठीचं काय करू?)

तळ्याकाठची | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. यंदापासून एफवाय-एसवायच्या आयएसएला (सेमिस्टरच्या मधल्या कॉलेजच्या परीक्षेला) आमच्या कॉलेजात आम्हा पीजीच्या मुलांना सुपरव्हिजनला घेतात. ब्लॉकला, म्हणजे परीक्षेच्या खोलीला, एक सर किंवा मिस, आणि जोडीला आमच्यातलं कोणीतरी. एका सेशनचे १५० रुपये. बसभाडं आणि कँटीनचा भजी-पाव निघतो, शिवाय शेवटी सर्टिफिकेट देणार म्हणे.

काम तसं सोपं. हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायच्या, पुरवणी मागितली की सही करून द्यायची, दोरा द्यायचा. मोबाइल बाहेर, पुस्तक नाही, बसायचं नाही. पहिल्या दिवशी मी खिडकीबाहेरच्या माडावरचे नारळ तीन वेळा मोजले. दोनदा १४ आले, एकदा १५.

बुधवारी दुपारी एफवाय बीएस्सीचा फिजिक्सचा पेपर होता. पुरवण्या संपल्या म्हणून मिस ऑफिसात गेल्या, ब्लॉकमध्ये मी एकटी. मागून दुसऱ्या बाकावर आमच्याच वाड्यावरचा मुलगा. त्याला सायकल मी शिकवली आहे. तो खाली वाकलेला दिसला म्हणून गेले, तर त्याच्या चपलेशी चिठ्ठी. पंख्यासारखी घडी घातलेली, कदंबा बसच्या तिकिटाएवढी, आत मुंगीसारखं अक्षर. मी उचलली. तो "ताई, ही..." म्हणायला लागला. मी म्हटलं, "गप्प बस. लिही. कोणाला सांगत नाही." आणि चिठ्ठी पाऊचमध्ये टाकली, उघडलीसुद्धा नाही. मिस आल्या, पेपर संपला, मी कोणाला काही बोलले नाही.

तेव्हापासून चैन नाही. काल बसमध्ये तो होता. मला बघून पुढच्या दाराने उतरला, एक थांबा आधीच.

चुकले का? आता सांगावं का? आणि मुळात हे काम विद्यार्थ्यांनी करावं का? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.


कदंबा_शटल | शुक्रवार, रात्री ९:२०

मी पयलो!

चिठ्ठीत काय होतं ते आधी सांगा. इथली जमात अभ्यासू आहे.


खारवण | शुक्रवार, रात्री ९:३४

बरोबर केलंस गो बाय. चिठ्ठी काढून घेतली, मुलगा घाबरला, जन्मात परत करणार नाही. उगाच कोणाचं वर्ष कशाला घालवायचं? आयएसए आहे, आयएएस नव्हे.


फोंड्याचा_मास्तर | शुक्रवार, रात्री १०:०५

खारवण, तुमचं मन मोठं आहे, पण सल्ला चुकीचा आहे.

३१ वर्षं शिकवलं, त्यातली निदान चार वर्षं ब्लॉकमध्ये फेऱ्या मारण्यात गेली असतील. तळ्याकाठची, तुला कामाला लावण्याआधी कोणी अर्धा तास बसवून समजावलं नाही, हा पहिला दोष, आणि तो तुझा नाही. चिठ्ठी दिसली की एकट्याने काही करायचं नसतं. जागेवरून हलायचं नाही, मुलालाही हलू द्यायचं नाही, बाहेरच्या शिपायाला सांगून सिनियरला बोलवायचं. मग चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका दोन्ही ताब्यात घ्यायच्या, वेळ लिहायची, नवी उत्तरपत्रिका देऊन त्याला पुढचा पेपर लिहू द्यायचा. आणि नंतर त्याचं म्हणणं त्याच्याच अक्षरात लिहून घ्यायचं. लोक हे शेवटचं विसरतात. पुढचं समिती बघते. सुपरवायझर हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे. सोडून देणं हासुद्धा निकालच झाला.

दुसरं म्हणजे, मिसनी ब्लॉक सोडायलाच नको होता. पुरवण्या मोजून आधी घ्यायच्या असतात.


रस_ऑम्लेट | शुक्रवार, रात्री १०:११

"सोडून देणं हासुद्धा निकालच झाला". सर, हे वाक्य आमच्या पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेऊ का?


आगीनगाडी | शुक्रवार, रात्री १०:२६

मूळ प्रश्नाकडे या. पर्यवेक्षण हे पगारी शिक्षकांचं काम. ते १५० रुपयांत पीजीच्या पोरांकडून करून घ्यायचं आणि वर सर्टिफिकेटचं गाजर! अधिकार शून्य, जबाबदारी सगळी. उद्या त्या मुलाच्या बापाने येऊन तमाशा केला तर कॉलेज हिच्या पाठीशी उभं राहणार आहे का? मला तरी वाटत नाही.


कदंबा_शटल | शुक्रवार, रात्री १०:२९

आगीनगाडी, तुम्ही प्रत्येक धाग्यावर एवढ्या वेळेवर कशा येता? कोकण रेल्वे शिका जरा.


अळूचं_फदफदं | शुक्रवार, रात्री १०:५०

मी तीन वर्षं शनिवार-रविवारी कॉम्प्युटरवरच्या प्रवेश परीक्षांच्या सेंटरवर काम केलं, तेव्हा बीएस्सीला होते. पैसे तुझ्यापेक्षा बरे मिळायचे, पण जेईई मेनसारखी परीक्षा असली की पहिली शिफ्ट ९ ते १२, दुसरी ३ ते ६, आणि आम्हाला सकाळी साडेसहाला हजर राहावं लागायचं. पहाटेची पहिली बस पकडायची म्हणजे आईची झोपमोड.

काम असं: दारात मेटल डिटेक्टर, अंगठा, फोटो, मग मुलाला त्याच्या मशीनपर्यंत नेऊन बसवायचं. कच्च्या कामाचे कागद द्यायचे आणि परत घेताना मोजायचे. सगळा जीव त्या कागदांत. तिथे कॉपीची भीती फारशी नसते, कारण शेजारच्याच्या स्क्रीनवर प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. भीती असते ती मशीन बंद पडण्याची. मे महिन्यातली एक दुपार आठवते. वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत काही सेकंद पूर्ण अंधार, आणि साठ मुलांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज. उत्तरं सर्व्हरवर राहिली होती, कोणाचं काही गेलं नाही. पण एक मुलगी की-बोर्डवर डोकं ठेवून रडायलाच लागली. तिच्याशी बोलायची मला परवानगी नव्हती, मी नुसती तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

तर माझं मत, काम करावं. पण ओळखीच्या ब्लॉकला नाही.


आगीनगाडी | शुक्रवार, रात्री १०:५८

आणि २०२४ चा नवा कायदा विसरू नका! दहा वर्षं तुरुंग, एक कोटी दंड. चिठ्ठी लपवली म्हणून हिच्यावरही येऊ शकतं.


केपेचा_वकील | शुक्रवार, रात्री ११:१५

घाबरवू नका हो पोरीला. सार्वजनिक परीक्षांमधल्या गैरप्रकारांचा तो कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला, हे खरं. दहा वर्षं आणि एक कोटीची तरतूद आहे, तीही मुख्यतः संघटित टोळ्यांसाठी. पण तो यूपीएससी, स्टाफ सिलेक्शन, रेल्वे भरती, बँक भरती, एनटीए (जेईई, नीट घेणारी संस्था) अशा केंद्राच्या परीक्षांना लागतो. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्यांवर आणि यंत्रणेतल्या लोकांवर आहे, परीक्षार्थीवर नाही. कॉलेजची आयएसए त्यात येत नाही. इथे विद्यापीठाचे आणि कॉलेजचे नियम. झोप शांतपणे.

फी नंतर घेईन, आंबे चालतील. मानकुराद.


अटलांटिकपार | शनिवार, पहाटे ४:४०

मडगावचा, सध्या अमेरिकेत मास्टर्स करतोय. इथे हे काम विद्यार्थ्यांनीच करायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आमच्या कॅम्पसवर एक टेस्टिंग सेंटर आहे, तिथे मी प्रॉक्टर, म्हणजे पर्यवेक्षक आहे. परदेशी विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि लायब्ररी, मेस नाहीतर हे, असे तीनच पर्याय माझ्यासमोर होते. मेसमध्ये भांडी घासून हात सोलवटले तेव्हा इकडे आलो. बरेचसे परीक्षार्थी जादा वेळ मंजूर झालेले असतात, कोणाला वाचता येण्यात अडचण, कोणाला गर्दीत बसवत नाही. बॅग लॉकरमध्ये, घड्याळसुद्धा काढून ठेवायचं, वर कॅमेरा.

तळ्याकाठची, तुझ्या उपयोगाच्या दोन गोष्टी. एक, शिफ्ट घेण्याआधी विचारतात, या यादीत तुझ्या ओळखीचं कोणी आहे का? असेल तर ती खोली मिळत नाही. दोन, संशय आला तर आम्ही मुलाला काहीही बोलत नाही. एका फॉर्मवर लिहितो. किती वाजता, कुठल्या सीटवर, काय दिसलं. 'कॉपी करत होता' असं लिहायचंच नाही. 'डाव्या तळहाताकडे तीनदा पाहिलं' असं लिहायचं. पहिल्या आठवड्यात माझे दोन फॉर्म सुपरवायझरबाईंनी परत दिले. म्हणाल्या, "यात तुझं मत काढ आणि डोळ्यांना दिसलेलं ठेव." मत काढल्यावर एका फॉर्मवर जेमतेम दीड ओळ उरली.

गंमत म्हणजे याच देशात उलटी परंपराही आहे. प्रिन्स्टनमध्ये १८९३ साली शपथपत्राची पद्धत सुरू झाली, म्हणजे खोलीत पहारेकरी नाही, मुलाने उत्तरपत्रिकेवर शपथ लिहून सही करायची. स्टॅनफर्डचा असाच करार १९२१ चा. स्टॅनफर्डमध्ये गेल्या काही वर्षांत पुन्हा पर्यवेक्षक ठेवून बघायचे प्रयोग झाले.


पात्रांव | शनिवार, सकाळी ७:३०

"ओळखीचं कोणी असेल तर खोली मिळत नाही." हा नियम गोव्यात आणला तर परीक्षाच बंद. इथे अनोळखी माणूस भेटला तरी पाचव्या मिनिटाला तो आपल्या मावशीच्या जावेचा भाचा निघतो.


मोगरा_वळेसर | शनिवार, सकाळी ८:१५

मी पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलाची दृष्टी अगदी कमी आहे, त्याला लेखनिक घ्यावा लागतो. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला निदान २० मिनिटं जादा दिली होती, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. आपण आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या इयत्तेचा हवा, असं त्या सूचनांत होतं. आम्हाला हे सगळं पाठ आहे. बाहेर बाकावर बसलेल्या विद्यार्थी-पर्यवेक्षकाला ते ठाऊकच नव्हतं. तीन तास झाले आणि तो आत येऊन "टाइम अप" म्हणून पेपर ओढायला लागला. माझा मुलगा सांगत होता, लेखनिक सांगत होती, हा ऐकेना. शेवटी मिस धावत आल्या. सात मिनिटं गेली, ती नंतर भरून दिली. पण तुटलेलं वाक्य थोडंच भरून मिळतं?

त्या मुलाचा मला राग नाही. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मास्तर म्हणतात तेच, आधी अर्धा तास समजावून सांगा.


नुस्त्याची_आमटी | शनिवार, सकाळी ९:०२

करोनाच्या काळातलं ऑनलाइन सुपरव्हिजन कोणी केलंय का? मी पीएचडी करत होते. स्क्रीनवर ४० चौकोन, कॅमेरे चालू, माइक चालू ठेवायचा हुकूम. सकाळी कोणाच्यातरी दारात पोदेर (भोंगा वाजवत येणारा पाववाला) आला, पोंव पोंव. मग दुसऱ्याच्या दारात. मग माझ्याच. एक मुलगा हात वर करून म्हणतो, "मिस, पाव घेऊन येऊ? आई शेतात आहे." नियमात 'पाव' हा शब्द कुठेच नव्हता. मी म्हटलं, कॅमेऱ्यात दिसेल असा जा. तो गेला आणि कॅमेऱ्यासमोर सहा उंडे धरून दाखवले. पुरावा!


कदंबा_शटल | शनिवार, सकाळी ९:०६

आम्ही पोंव पोंववर सिग्नल ठरवले होते. एकदा वाजलं की ए, दोनदा वाजलं की बी. पोदेर खरोखरचा आला तेव्हा अख्ख्या वर्गाने सातव्या प्रश्नाला सी लिहिलं.


फोंड्याचा_मास्तर | शनिवार, सकाळी ९:४०

शटल, तुम्ही माझ्या वर्गात नव्हता हे माझं भाग्य.

धागा भरकटलाच आहे तर माझंही एक. १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झालं, त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. मी एमएला असताना, ऑक्टोबर १९८६ मध्ये, आम्हा दोघातिघांना सरांनी ज्युनिअर म्हणून ब्लॉकवर उभं केलं होतं. म्हणजे तळ्याकाठची, ही पद्धत अगदीच 'यंदापासून' नाही. त्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळलेला, पणजीत यायचं तर बेतीहून फेरीबोट. एक दिवस फेरीची रांग लांबली आणि बार्देशची निम्मी मुलं चाळीस मिनिटं उशिरा आली. नियम अर्ध्या तासाचा. दारात मी, वय वर्षं २२, समोर घामाने भिजलेली पंचवीस मुलं. मी आत घेतलं नाही. नियम म्हणजे नियम! सिनियर सर चहा पिऊन आले, त्यांनी एकदा मुलांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, पूल काय ह्यांनी पाडला?" सगळ्यांना आत घेतलं, ऑफिसात तसं लिहून दिलं, वेळ वाढवून घेतला.

काल तुला नियम सांगत बसलो, म्हणून हेही सांगायला हवं. मी कडक वागलो तेव्हाही चुकलो होतो. दोन्ही वेळा गफलत तीच, एकट्याने ठरवलं.


खारवण | शनिवार, सकाळी १०:१०

सर, तुम्ही २२ वर्षांचे असताना कसे दिसत असाल याचा विचार करतेय. दारात, हाताची घडी घालून :)


एक_जुना_पापी | शनिवार, दुपारी १:२०

आयडी मुद्दाम नवा काढलाय. मी कॉपी करायचो. कंपास पेटीतल्या पट्टीवर टोकदार पेन्सिलने, तिरकं धरल्याशिवाय दिसणार नाही असं. दुसऱ्या वर्षाला एका पीजीच्या दादाने पकडलं, पट्टी उचलली, हळूच म्हणाला, "जा, सोडलं." मला तो देव वाटला. पुढे वर्षभर कँटीनमध्ये त्याच्या चहाचे पैसे मी देत होतो. त्याने कधी मागितले नाहीत, मीच द्यायचो. आणि दर वेळी तो "राहू दे रे" म्हणायचा, पण कपही खाली ठेवायचा नाही. समितीपुढे उभं राहून एक पेपर गेला असता तर स्वस्तात सुटलो असतो. सोडून दिलेल्या माणसाला ते ओझं किती दिवस वाहावं लागतं, हे सोडणाऱ्याला कळत नाही.

तळ्याकाठची, तो मुलगा एक थांबा आधी उतरला, त्याचं कारण हेच असणार.


कदंबा_शटल | शनिवार, दुपारी १:३१

आज माझ्याकडे विनोद नाही.

चिठ्ठीत काय होतं ते मात्र अजून कळलेलं नाही.


तळ्याकाठची | रविवार, रात्री ८:५५

सगळ्यांचं वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला कारण काय लिहावं कळत नव्हतं.

अटलांटिकपारने सांगितलेला फॉर्म मी काल घरी वहीच्या पानावर लिहून पाहिला. सोमवारी सरांना द्यायचा म्हणून. वेळ दुपारी ३ च्या सुमारास. बाक मागून दुसरा. काय दिसलं? इथे अडकले. 'चिठ्ठी बघत होता' असं लिहिलं, खोडलं, कारण मी पोचले तेव्हा तो बघत नव्हता. 'चिठ्ठी हातात होती', खोडलं. हातात नव्हती. 'खाली वाकला होता.' हे राहिलं. 'चपलेशेजारी चिठ्ठी होती.' हे राहिलं. माझंही दीड ओळीचंच झालं.

मग पाऊच उलटा केला आणि चिठ्ठी उघडली. शटल, घ्या तुमचं उत्तर. त्यात घसाऱ्याची गणितं होती. यंत्राची मूळ किंमत, दहा टक्के, डेबिट, क्रेडिट. एफवाय बीकॉमचं अकाउंट्स. बुधवारी सकाळच्या सेशनला त्याच खोलीत बीकॉमची मुलं बसली होती.

फिजिक्सच्या पेपरला तो काय करणार होता घसाऱ्याचं?

तो "ताई, ही..." म्हणत होता. पुढे काय होतं ते मी ऐकूनच घेतलं नाही. आणि वर त्याला सांगितलं, कोणाला सांगत नाही म्हणून. म्हणजे चार दिवस त्याला वाटतंय की ताई आपल्याला चोर समजते आणि उपकारही करतेय.


केपेचा_वकील | रविवार, रात्री ९:०३

अरे देवा.


एक_जुना_पापी | रविवार, रात्री ९:१०

मी माझा तर्क मागे घेतो. थांब्याचं कारण मला कळलं असं वाटलं होतं.


फोंड्याचा_मास्तर | रविवार, रात्री ९:२५

म्हणूनच म्हटलं होतं, त्याचं म्हणणं त्याच्या अक्षरात. पण हे आता मी बोलून दाखवायला नको होतं.

ते दीड ओळीचं पान आणि चिठ्ठी उद्या सरांकडे दे. बीकॉमच्या कोणाची होती हे शोधायला जाऊ नकोस, ते तुझं काम नाही. आणि मुलाकडे आधी जा, सरांकडे नंतर.


आगीनगाडी | रविवार, रात्री ९:३१

माझं म्हणणं कायम आहे. दोन सेशनच्या मध्ये खोली झाडून बाकं तपासायला एक माणूस ठेवला असता तर हे घडलंच नसतं. त्याचेही १५० रुपये वाचवले.


अळूचं_फदफदं | रविवार, रात्री ९:३३

या वेळी आगीनगाडी वेळेवर आली. +१


तळ्याकाठची | सोमवार, रात्री १०:४०

सकाळी बस सुटायच्या आधी त्याच्या घरी गेले. तो अंगणात दात घासत होता. मी म्हटलं, चिठ्ठी तुझी नव्हती, मला माहीत आहे. तो तोंडात ब्रश तसाच ठेवून बघत राहिला. मग चूळ भरून म्हणाला, "माझं पेन पडलेलं. अजून तिथेच असणार."

पेन शोधायला दुपारी त्या खोलीत गेले. सापडलं नाही. त्याच्या आईने हातात दोन फणस-पोळ्या ठेवल्या, तिला यातलं काहीच माहीत नाही. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात पीजीच्या सगळ्यांची अर्ध्या तासाची मीटिंग घेतो. बघू. मी माझा ब्लॉक बदलून मागितलाय, थर्ड इयरचा. तिथे आमच्या वाड्यावरचे फक्त दोघे आहेत.


पात्रांव | सोमवार, रात्री १०:४४

दोघेच? नीट बघा, तिसरा मावशीकडचा असेल.


कदंबा_शटल | सोमवार, रात्री १०:४६

पेन कुठलं होतं? जेल की बॉल?